निवासी व्यक्तीच्या सवयी

वृद्धाश्रमाच्या बाईंनी फॉर्म वाचला, उलटून मागची कोरी बाजू पाहिली, पुन्हा पुढची वाचली आणि दोन बोटांनी टेबलावरून त्याच्याकडे सरकवला. "हे काय लिहिलंय तुम्ही?" त्यांनी विचारलं. तो वाकून बघायला लागला. वर ठळक अक्षरांत 'निवासी व्यक्तीच्या सवयी' असं छापलेलं होतं आणि खाली अठरा रकाने होते. झोप, जेवण, चहा, आंघोळ, शौच, ऐकणं, बोलणं, आवडी, नावडी, भीती आणि असंच पुढे बरंच काही. प्रत्येक रकान्यापुढे त्याच्या तिरप्या, घाईच्या अक्षरात एकच शब्द होता, ठीक. झोप ठीक, जेवण ठीक, शौच ठीक. "भीती ठीक म्हणजे काय हो?" बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान त्याला उलट काही बोलता आलं असतं. तो लिफ्टचा मेस्त्री होता. शहरातल्या एकोणचाळीस इमारतींच्या लिफ्ट त्याच्याकडे होत्या आणि प्रत्येक लिफ्टच्या मशीनखोलीत भिंतीवर एक कार्ड टांगलेलं असायचं. दोर, ब्रेक, दाराची कडी, खड्ड्यातलं पाणी, धोक्याची घंटा. दर महिन्याला त्या कार्डावर ठीक लिहून सही करायची, हे त्याने अठ्ठावीस वर्षं केलं होतं. सुरुवातीला एकेक गोष्ट हात लावून बघायचा. पुढे कानाला नुसत्या आवाजावरून कळायला लागलं, आणि त्याच्याही पुढे हात आधी लिहून मोकळा व्हायचा. काल संध्याकाळी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या त्याने हा फॉर्म भरला तेव्हाही हातानेच भरला होता. "किती वर्षं आहेत त्या तुमच्याकडे?" बाईंनी विचारलं. "दोन." "चहा कसा घेतात?" तो पुन्हा चहाच्या रकान्यातल्या त्या 'ठीक'कडे बघायला लागला. बाईंनी एक कोरा फॉर्म काढून दिला. "पलंग शनिवारपर्यंत ठेवते. तोवर जरा त्यांच्याकडे बघा आणि लिहून आणा. आमच्याकडे मावशी बदलत असतात. त्यांना माणूस कळतो तो कागदावरूनच."

रस्त्याने चालताना तो ताईचा चहा आठवायचा प्रयत्न करत होता. त्याला कप आठवत होता, धुऊन ओट्यावर पालथा घातलेला, पण कपातलं काही आठवत नव्हतं. सकाळी सातला तो निघायचा, तेव्हा ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून असायची. जागी असायची की झोपलेली, कोण जाणे. संध्याकाळी सहाला यायचा, तेव्हा खिडकीशी असायची. जेवलीस का, जेवले. गोळ्या घेतल्यास का, घेतल्या. एवढ्यावर दोन वर्षं निघाली होती. भाडेकरूसुद्धा जिन्यात भेटले तर याहून जास्त बोलतात. घरोघरी मातीच्या चुली, असं तो स्वतःला सांगायचा, आणि मग बातम्या लावायचा. ताईचे हात थरथरायला लागले, तिची ती भाड्याची खोली सुटली, तेव्हा तिला आणणारं दुसरं कोणी नव्हतंच. तिचं लग्न झालं नाही, त्याचं सहा वर्षं टिकलं. आणलं ते कर्तव्य म्हणून, आणि कर्तव्याची एक गंमत असते, ते नीट केलं की माणसाकडे बघावं लागत नाही. मग दीड वर्षापूर्वी ती दुपारी दोनला न्हाणीघरात पडली. आतून कडी होती. तो सहाला आला, हाका मारल्या, दार फोडलं. ती फरशीवर कुशीवर पडलेली होती आणि त्याला म्हणाली, "आलास? मी आपली पडून होते जरा." चार तास. त्याच दिवशी त्याने न्हाणीघराची कडी काढून टाकली, पकडीने, चारही स्क्रू. गेल्या महिन्यात ती पुन्हा पडली, या वेळी खिडकीशी, आणि कपाळाला तीन टाके पडले. त्यानंतर तो बाईंच्या टेबलापलीकडे जाऊन बसला. यात चूक काय होतं? काहीच नव्हतं, आणि तरी त्या एका कोऱ्या कागदाने त्याला तोंडात मारल्यासारखं झालं होतं.

त्याने चार दिवसांची रजा टाकली. कचेरीतल्या साहेबाने "कुठे गावाला?" असं विचारलं, तर "घरीच" म्हणाला, आणि ते ऐकताना त्याचं त्यालाच विचित्र वाटलं. फॉर्म त्याने हत्यारांच्या पिशवीत पान्यांच्या खाली लपवला. पहिल्या सकाळी चहा केला आणि ताईसमोर ठेवून स्टूल ओढून बसला. तिने कपाला हात लावला नाही. चहावर साय धरेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग थरथरत्या बोटाने साय उचलली, बशीच्या कडेला ठेवली, कप दोन्ही हातांनी धरला, आणि सगळा चहा संपल्यावर ती गार साय खाल्ली. तो टक लावून बघत होता. "काय बघतोयस?" ती म्हणाली. "मेले की काय मी?" तो म्हणाला, "साय अशी शेवटी का खातेस?" "तुझ्यासाठी काढून ठेवायचे ना लहानपणी. तुला फार आवडायची. मग तू गेलास, तेव्हापासून मीच खाते." गेलास. गेलो नाही, पाठवलंस, असं तो मनात म्हणाला. चव्वेचाळीस वर्षं तो हे वाक्य मनातच म्हणत होता आणि ते अजून झिजलं नव्हतं. त्याने कप उचलून धुतला आणि ओट्यावर पालथा घातला.

ताईचं उभं आयुष्य शर्टांच्या कारखान्यात काजं करण्यात गेलं. वर्षानुवर्षं दिवसाला तीन-तीनशे काजं. त्या बाईला आता स्वतःच्या झग्याची सहा बटणं लावता येत नव्हती. ती कशी लावते, किंवा कोण लावतं, हा प्रश्न त्याला दोन वर्षांत पडला नव्हता. दुसऱ्या सकाळी त्याला कळलं की ती पहाटेच उठून खाटेवर बसते आणि तासभर त्या बटणांशी झगडते, म्हणजे तो उठेपर्यंत झालेलं असतं. तो पुढे झाला. "सरक, मी लावतो." त्याने वरचं बटण धरलं, तशी तिने त्याच्या हातावर चापट मारली. चापट कसली, हात कुठे पडतोय याचा तिलाच पत्ता नव्हता. "खालून लाव. वरून लावत आलं की शेवटी एक उरतं. कारखान्यात नवी मुलगी आली की पहिलं हे शिकवायचे मी." त्याने खालून लावायला सुरुवात केली. त्याच्या बोटांना जाड बोल्टांची सवय, ते एवढंसं बटण निसटत होतं. ती वरून बघत होती, आणि मग म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं माणसं वरखाली नेतोयस, आणि एक बटण जागेवर नेता येईना होय रे बाळ्या?" बावन्न वर्षांच्या माणसाला बाळ्या म्हणणारं जगात एकच माणूस उरतं. त्याला हसू आलं, पण त्याने ते दाबलं, कारण हसलं की काहीतरी माफ केल्यासारखं होईल अशी भीती त्याला वाटली. मात्र त्या दिवशी दुपारी तो मटार घेऊन आला आणि दोघं फरशीवर वर्तमानपत्र पसरून सोलायला बसली, तेव्हा त्याचं काही चाललं नाही. ताईच्या हातातली शेंग फुटली की दाणे चारी दिशांना उडायचे. एक त्याच्या चष्म्यावर आपटला. "लागलं का?" ती घाबरून म्हणाली, आणि त्याच क्षणी पुढची शेंग फुटली. तो खाटेखाली रांगत शिरला दाणे गोळा करायला. तीही गुडघ्यांवर आली, तिला नको म्हणायच्या आत आली, आणि खाटेखालच्या अंधारात दोघांची डोकी एकमेकांवर आदळली. मग जे हसणं आलं ते आवरेना. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तो बावन्न वर्षांचा, ती साठीची, आणि दोघं खाटेखाली. तिला बाहेर काढून उभं करायला त्याला दहा मिनिटं लागली.

संध्याकाळी त्याने तिची नखं कापली. एक हात त्याने आपल्या डाव्या मुठीत घट्ट धरला आणि त्याच्या लक्षात आलं की पुरेसा घट्ट धरला की तो थरथरायचा थांबतो. आत मात्र कुठेतरी हलत राहतं. मशीनखोलीत दाराबाहेर उभं राहिलं तरी तळव्यांना मोटर चालू असल्याचं जाणवतं, तसं काहीसं. अंगठ्याचं नख जाड झालेलं, तर्जनीच्या टोकाला सुईने पडलेला कायमचा घट्टा. ती खुर्चीत मागे टेकली आणि तिसऱ्या बोटाशी झोपून गेली. तो तिचा हात सोडेना. दोन वर्षं हा हात याच घरात असा एकटा थरथरत होता, आणि आपण पलीकडे बातम्या बघत होतो. त्याला स्वतःची शरम वाटली, सरळसरळ शरम, आणि तिच्यामागून तितकाच सरळ राग आला, की आता का? पलंग मिळाल्यावर का?

गाण्याचं त्याला तिसऱ्या दिवशी कळलं. ताई न्हाणीघरात गेली की गुणगुणायची, हे त्याला माहीत होतं. शब्द नसलेलं, सूर धड नसलेलं, चक्कीसारखं एकसारखं गुणगुणणं. वय झालं की माणसं करतात असं काहीबाही, असं त्याने ठरवून टाकलेलं होतं. त्या सकाळी रजा असल्यामुळे तो दाराबाहेर पंखा पुसत होता. गुणगुणणं चालू होतं. मग तिला खोकला आला, सूर तुटला, आणि खोकत खोकतच तिने तो घाईघाईने पुन्हा उचलला. दम लागलेला असताना कोणी आवडीने गात नाही. त्याच्या हातातलं फडकं थांबलं. ती बाहेर आली तेव्हा त्याने विचारलं. "अरे, कडी नाही ना," ती सहज म्हणाली. "आवाज आला की माणूस आत आहे हे कळतं. मग कोणी दार ढकलत नाही." "मी कधी ढकललं?" "एकदा." "कधी?" "जाऊ दे रे. तुझं लक्ष नव्हतं, तू हात धुऊन गेलास." हात धुऊन गेलो. ती आत बसलेली असताना. दीड वर्ष ती रोज, दिवसातून पाच-सहा वेळा, त्याच्या चार स्क्रूंची भरपाई म्हणून गात होती. दुपारी त्याने कपाटातून ती कडी शोधून काढली, हातात घेऊन बसला, आणि पुन्हा ठेवून दिली. बसवली आणि ती पुन्हा आत पडली, तर?

गुरुवारी ताईनेच विषय काढला. "फॉर्म आणलायस ना? पिशवीत आहे, पान्यांखाली. मी तेलाची बाटली शोधत होते. वाच मला." त्याने वाचला. अठरा रकाने ऐकताना ती मान हलवत होती, जशी एखाद्या ओळखीच्या वाटेने चालली असावी. मग म्हणाली, "मी पण भरला होता असाच. तुझा." "माहितीय," तो म्हणाला. "काय लिहिलं होतंस तेही माहितीय." आई गेली तेव्हा तो आठचा होता, ताई सोळाची, वडील त्याआधीच गेलेले. तिला कारखान्यात दहा तासांची पाळी लागली आणि त्याला वसतिगृहात घातलं. तिने फॉर्मात लिहिलं होतं की मुलगा रात्री अंथरूण ओलं करतो. तो फॉर्म रखवालदाराने वाचला, रखवालदाराने स्वयंपाक्याला सांगितलं, आणि पंधरवड्याच्या आत साठ पोरांनी त्याचं नाव नळ्या ठेवलं. सकाळी रांगेत नळ्या, जेवताना नळ्या, नळ्या बंद कर रे. चार वर्षं. त्यातली दोन वर्षं तर तो अंथरूण ओलं करतही नव्हता. हे त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. आता एका दमात सांगून टाकलं, आणि सांगताना त्याचा आवाज आठ वर्षांच्या पोरासारखा चिरका झाला, हे त्याला ऐकू आलं.

ताईचे हात मांडीवर नुसते उडत होते. "मला वाटलं होतं," ती म्हणाली, "की आधीच कळलं तर मारणार नाहीत. खाली रबर घालतील, रात्री एकदा उठवतील. तीनदा खोडलं होतं मी ते बाळ्या, आणि तीनदा लिहिलं." मग तिने त्याच्याकडे पाहिलं. "आणखी पण लिहिलं होतं की रे. डाव्या कुशीवर झोपतो. साय आवडते. गडगडलं की हात धरावा लागतो. दोन्ही बाजू भरल्या होत्या. तेवढंच वाचलं का त्यांनी?" त्याला एवढंच दिसत होतं की सोळा वर्षांची एक मुलगी कुठेतरी दिव्याखाली बसून कागदाच्या दोन्ही बाजू भरते आहे, आणि त्याने चव्वेचाळीस वर्षं त्यातली एक ओळ हातात धरून ठेवली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावलं तरी कोणाला सांगायचं? त्याने तिचा हात घट्ट धरला, थांबेपर्यंत. "जायलाच हवं असं काही नाही," तो म्हणाला. "आणि सोमवारी दुपारी मी पडले तर?" ती म्हणाली. "तू मशीनखोलीत असणार. मला न्हाणीघरात चार तास मेल्यासारखं वाटलं होतं, तुला सांगितलं नाही. पुन्हा तसं नको. तू लिही. नीट लिही म्हणजे झालं."

शुक्रवारी तो स्वयंपाकघरात बसून लिहीत राहिला. रकाने पुरेनात म्हणून त्याने वहीची पानं जोडली. चहावर साय धरू द्यावी, ती बाजूला काढून द्यावी, शेवटी खातात. बटणं खालून वर लावावीत. हात थरथरला तर घट्ट धरावा, सैल धरू नये. उजव्या पायात चप्पल आधी. 'पडून होते' म्हणाल्या तर पडल्या आहेत असं समजावं. इतकं सुबक अक्षर त्याने शाळेत असतानाही काढलं नव्हतं. प्रत्येक ओळीबरोबर त्याला ती अधिक कळत होती, आणि प्रत्येक ओळीबरोबर तो तिला दुसऱ्यांच्या हवाली करत होता. ही दोन्ही कामं एकाच पेनाने होत होती आणि त्याला पेन थांबवता येत नव्हतं. शौचाच्या रकान्याशी तो अडला. लिहावं की नाही? नाही लिहिलं तर कोणीतरी दार ढकलणार. लिहिलं तर ढकलणार नाही. ताई पलीकडेच होती. विचारलं असतं तर नको म्हणाली असती, म्हणून त्याने विचारलं नाही. 'आत असताना गुणगुणतात. गुणगुणणं चालू असेपर्यंत कृपया दार उघडू नये.' कृपया या शब्दाखाली त्याने रेघ मारली आणि त्याला फार बरं वाटलं, काहीतरी भलं केल्यासारखं. शनिवारी बाईंनी सगळी पानं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "असं लिहायला हवं हो लोकांनी." ताईने निरोप घेताना त्याची कॉलर सरळ केली, म्हणजे केल्यासारखं केलं.

भेटीचा वार रविवार होता, दुपारी तीन ते पाच. पुढच्या रविवारी तो आठवडाभराचं न झालेलं बोलणं तोंडात घेऊन गेला. वऱ्हांड्यात चाकांची गाडी ढकलत एक मावशी येत होती, गोल चेहऱ्याची, हसरी. "कोणाकडे?" त्याने सांगितलं. "अगंबाई, रेडिओ आजींचे भाऊ होय तुम्ही!" ती म्हणाली. "त्यांचं सगळं तुम्हीच लिहिलंय ना? आम्ही सगळ्यांनी वाचलं, मज्जा वाटली. आत गेल्या की आम्ही बाहेरून म्हणतो, आजी, लावा रेडिओ! पण लाजतात हो. पहिले दोन दिवस गायल्या, नंतर बंदच केलं." ती खरोखरच प्रेमाने बोलत होती. रखवालदारही कदाचित प्रेमानेच बोलला असेल, हे त्याच्या आज पहिल्यांदा मनात आलं. तो हसला. हसण्यावाचून दुसरं काय करायचं ते त्याला सुचलं नाही.

ताई खिडकीजवळच्या पलंगावर बसलेली होती, केस विंचरलेले, बटणं नीट लावलेली. "साय बाजूला काढून देतात," ती म्हणाली. "बटणं खालूनच लावतात. हातसुद्धा घट्ट धरतात. सगळं तू लिहिलंस तस्सं." तिने तक्रार केली असती तर तो तिला उचलून घरी घेऊन गेला असता, असं त्याला वाटलं, आणि ती करणार नाही हेही कळलं. "ताई, ते गाण्याचं मी..." "चांगलं केलंस लिहिलंस ते," ती मध्येच म्हणाली. "तुझं काय चुकलं? मला वाटलं होतं तसंच तुला वाटलं." तिने ते इतक्या हळू म्हटलं की शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीनेही मान वळवली नाही. मग दोघांनी पलंगावरच्या धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घातल्या, त्याने दोन टोकं धरली, तिने दोन. पाऊण तास त्यात गेला. काहीच बोलणं झालं नाही आणि त्याला आयुष्यात कधी इतकं कोणाजवळ असल्यासारखं वाटलं नव्हतं.

पाचला दहा मिनिटं असताना तिला न्हाणीघराकडे जायचं होतं. तो हाताला धरून घेऊन गेला. दाराला कडी नव्हती, कडीची जागाही नव्हती. ती आत गेली, त्याने दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिला. आतून काहीच आवाज येत नव्हता. पाच मिनिटं तो तसाच उभा होता, शेवटची भेटायला आलेली माणसं समोरून निघून चालली होती. मग किल्ल्यांचा जुडगा वाजवत तीच मावशी आली. "पाच वाजले, दादा. तुम्ही निघा, आम्ही बघतो आता." "होऊ दे तिचं," तो म्हणाला आणि हलला नाही. मावशी समजूतदारपणे थांबली. जरा वेळाने तिने त्याच्या खांद्यावरून हात नेऊन दारावर बोटाने टकटक केलं. "रेडिओ आजी!" ती लाडाने म्हणाली. "भाऊंना घरी जायचंय. लावा बघू!" त्याला वाटलं, आता काहीतरी बोलावं, ओरडावं. पण आतून ताईचा आवाज आला, मोठा, हसरा, कधी नव्हे इतका मोकळा. "ओ!" ती म्हणाली, आणि गायला लागली. मावशीने त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. वसतिगृहात 'नळ्या' या हाकेला ओ द्यायला त्याला दोन वर्षं लागली होती. ताईला आठ दिवस लागले.